सगळ्यांचाच श्वास वीस कसा?

कुठल्याही वॉर्डात जा आणि पेशंटच्या फायली उघडून बघा. ताप, नाडी, बीपी, ऑक्सिजन यांचे आकडे दर खेपेला थोडे इकडेतिकडे झालेले दिसतील. मिनिटाला किती श्वास, या रकान्यात मात्र वीस, वीस, वीस. न्यूमोनियाच्या पेशंटचा वीस, हर्नियाचं ऑपरेशन झालेल्याचा वीस, उद्या घरी जाणाऱ्या पोराचाही वीस. हा आकडा मोजलेला नसतो, भरलेला असतो. बाकी सगळ्याला यंत्र आहे; श्वासासाठी मात्र खाटेजवळ पूर्ण एक मिनिट उभं राहावं लागतं. वॉर्ड भरलेला आणि रात्रपाळीला दोघीच सिस्टर असल्या की ते मिनिट मिळत नाही, हे मी रोज बघते. पण पेशंट बिघडायला लागला की बहुतेक वेळा सगळ्यात आधी हलतो तो हाच आकडा, आणि सगळ्यात कमी मोजला जातो तोही हाच.

मी मिरजेत छातीच्या विकारांच्या वॉर्डात सिस्टर आहे, राहायला हरिपूरला. नर्सिंगच्या मुली पोस्टिंगला आल्या की पहिल्या दिवशी त्यांना मी एवढंच काम देते: प्रत्येक खाटेवर श्वास मोजायचा, अख्खं मिनिट, आणि पेशंटला पत्ता लागू द्यायचा नाही.

पत्ता का लागू द्यायचा नाही? एखाद्याला "श्वास मोजते हां" म्हणून बघा. तो लगेच छाती भरून श्वास घ्यायला लागतो, किंवा रोखून धरतो. हृदयाचे ठोके आपल्या मर्जीनं थांबत नाहीत, जठर आपलं ऐकत नाही, पण श्वासाला दोन मालक आहेत. एक मेंदूच्या देठात बसलेला, झोपेतही काम करणारा. दुसरे आपण स्वतः, म्हणून तर बोलता येतं, आरती म्हणता येते, फुंकणीनं चूल पेटवता येते. मला मोजायचं असतं ते पहिल्या मालकाचं काम. म्हणून मी म्हणते, "मामा, नाडी बघते," आणि मनगट धरून तो हात त्यांच्याच पोटावर ठेवते. आधी खरोखरच नाडी मोजायची. मग बोटं तिथंच ठेवायची आणि नजर घड्याळाकडे वळवायची. आता हातच वरखाली होतो, चादरीतून छाती शोधत बसावं लागत नाही. गळ्याच्या खालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जाते का, नाकपुड्या फुलतात का, बोलताना वाक्य मधेच तुटतं का, हेही त्याच मिनिटात दिसतं.

मोठ्या माणसाचा निवांत असतानाचा श्वास मिनिटाला १२ ते २०. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ साली पेशंट बिघडतोय हे लवकर ओळखण्यासाठी एक गुणतक्ता काढला; गुण जितके जास्त तितका धोका जास्त. त्यात श्वास २५ किंवा वर गेला की त्या एकट्या आकड्याला तीन गुण मिळतात, म्हणजे एका रकान्याला मिळू शकणारे सगळ्यात जास्त. आठ किंवा त्याहून खाली उतरला तरी तीनच. सगळ्यांना वीस लिहिणाऱ्या फाईलमध्ये हा तक्ता कधीच ओरडणार नाही.

आता हा आकडा ठरवतं कोण? लोकांना वाटतं, ऑक्सिजन कमी पडला की आपण जोरात श्वास घेतो. पोस्टिंगच्या मुलीही हेच उत्तर देतात. पण रोजच्या जगण्यात आपला श्वास चालतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या हिशोबावर. हा वायू रक्तातून मेंदूभोवतीच्या पाण्यात सहज उतरतो, तिथं पाण्याशी मिळून आम्ल होतो, आणि मेंदूच्या देठाच्या पुढच्या अंगाला असलेल्या पेशींना तो आंबटपणा कळतो. आंबटपणा वाढला की हुकूम सुटतो: श्वास वाढव. श्वास वाढला की वायू बाहेर जातो, आंबटपणा उतरतो, हुकूमही सैल होतो. हे चक्र अहोरात्र चालू असतं. किती बारीक चालतं बघा. रक्तातल्या या वायूचा दाब साधारण पाऱ्याच्या ४० मिलिमीटरवर धरलेला असतो. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा लिटरच्या आसपास हवा आतबाहेर करतो. दाब एका मिलिमीटरनं वाढला की त्यात आणखी दोन ते तीन लिटरची भर पडते. म्हणजे ४० चे ४३ झाले की श्वास दुप्पट. बीपी एवढ्याच फरकानं हललं असतं तर आपण लक्षही दिलं नसतं.

हे पक्कं केलं ते जॉन स्कॉट हाल्डेन आणि प्रीस्टली या ऑक्सफर्डमधल्या दोघांनी, १९०५ साली. लांब नळीत जोरात श्वास सोडायला लावून ते शेवटची हवा पकडायचे, कारण ती फुप्फुसाच्या तळातून आलेली असते. डोंगरमाथ्यावर, खोल खाणीत, निरनिराळ्या ठिकाणी त्यांनी हे केलं. बाहेरची हवा कशीही असो, आतल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब जवळजवळ तोच निघायचा. श्वास त्यालाच सांभाळत होता.

हाल्डेन खाणकामगारांसाठी झटलेला माणूस. विषारी वायू आधी कळावा म्हणून खाणीत छोटे पक्षी न्यायची कल्पना त्याचीच. त्याचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन पुढे भारतात आला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. लहानपणी बापानं त्याला एका खाणीत नेलं, छताजवळ मिथेन साठलेल्या जागी उभं केलं आणि नाटकातलं एक भाषण म्हणायला सांगितलं. पोराला धाप लागत गेली, पाय लटपटले आणि तो खाली पडला. जमिनीलगत हवा बरी होती, म्हणून लगेच सावरला. बापाला त्याला शिकवायचं होतं की हा वायू हलका आहे, वर साठतो.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आमच्या हरिपुरातली हळदीची पेवं आठवली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या आमच्या मातीत जमिनीखाली खोल खड्डे काढून त्यात हळद साठवायची पद्धत होती. तोंड अरुंद, आत घेर मोठा. तोंड बंद केलं की हळद वर्षानुवर्षं टिकायची. टिकायची कारण आतला ऑक्सिजन संपून जायचा आणि किडा जगायचा नाही. २००५ च्या महापुरात पेवांचं फार नुकसान झालं. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेवांची पुन्हा चर्चा झाली, पण आता गावात त्यांच्या आठवणीच जास्त आहेत.

आमचे आजोबा सांगायचे, पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. तास न् तास तसंच उघडं ठेवायचं. मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर माणूस नाही उतरणार. जळत राहिला तर उतरणार, तेही दोर कमरेला बांधून आणि वर भरवशाचा माणूस ठेवून. त्यात किती शहाणपण होतं हे मला नर्सिंगला गेल्यावर समजलं. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो सोळा-सतराच्या आसपास आला की ज्योत विझते, तेव्हा माणूस अजून उभा असतो. ज्योत माणसाच्या आधी सांगते. आपल्या अंगात असा कंदील नाही.

अगदीच नाही असं नाही, आहे, पण तो उशिरा बोलतो. मानेत दोन्ही बाजूंना, मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी जिथं दुभंगते तिथं तांदळाच्या दाण्याएवढी एकेक गाठ असते. रक्तातला ऑक्सिजन ओळखणं हे तिचं मुख्य काम. कॉर्नेल हेमन्स या बेल्जियन शास्त्रज्ञाला १९३८ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. पण ऑक्सिजनचा दाब नेहमीच्या ९५-१०० वरून ६० मिलिमीटरपर्यंत घसरेतोवर ती फारशी आरडाओरड करत नाही. बोटाला लावायच्या यंत्रावर, म्हणजे ऑक्सिमीटरवर, सांगायचं तर साधारण ९० टक्क्यांपर्यंत. त्याच्या खाली मात्र जोरात घंटा वाजवते. आणि त्यातही एक मेख आहे. दम लागून श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो, आणि तो कमी झाला की मेंदूचा देठ म्हणतो, पुरे, सावकाश घे. एक म्हणतो वाढव, दुसरा म्हणतो थांब.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात, कोरोनाच्या लाटेत, आम्ही हे रोज बघितलं. ऑक्सिजन ७८ आणि पेशंट मोबाईलवर घरच्यांशी बोलतोय, "मी बराय, काळजी करू नका." तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच बरं वाटत होतं. त्या आजारात फुप्फुसं बऱ्याच जणांत सुरुवातीला लवचीक राहायची, कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडायचा, त्यामुळे मेंदूपर्यंत कळ पोचायचीच नाही. त्या दिवसांत बोटाच्या यंत्रानं घराघरांत कंदिलाचं काम केलं. त्यामागचं तत्त्व शोधणारे जपानचे ताकुओ आओयागी २०२० च्या एप्रिलमध्येच गेले. त्यांचं नाव आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही, ते ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

याच कारणासाठी उन्हाळ्यात विहिरीवर आणि कृष्णेच्या घाटावर पोहणाऱ्या पोरांना माझी विनवणी आहे. बुडी मारून जास्त वेळ पाण्याखाली राहायची पैज लागली की पोरं आधी भराभर मोठे श्वास घेतात. त्यांना वाटतं ऑक्सिजन भरून घेतला. रक्तात तो आधीच जवळजवळ भरलेला असतो, वर फारसा जात नाही. जातो तो कार्बन डायऑक्साइड. मग पाण्याखाली "वर ये" म्हणणारी कळ येतच नाही, आणि ऑक्सिजन संपून पोरगं शुद्ध हरपतं, ना धडपड, ना हाक. काठावरच्यांना वाटतं अजून दम धरलाय. पोहणं शिकवणाऱ्या थोरांनी सूर मारायला शिकवायच्या आधी हे सांगावं. पैज लावूच नका, आणि बुडीआधी भराभर श्वास घेऊ नका.

श्वास वाढला म्हणजे फुप्फुसाचंच दुखणं, हाही एक पक्का गैरसमज. तासगावकडची एक कॉलेजची मुलगी संध्याकाळी आमच्याकडे आली. बाहेर दम्याची समजून वाफ देऊन झाली होती. मी मोजला, ३४. पण हा दम्याचा श्वास नव्हता. छातीत घरघर नाही, शिट्टी नाही, ऑक्सिजन ९९. श्वास नुसता भराभर नव्हता, खोल होता, तोंड उघडं, प्रत्येक श्वासाला पोट आणि छाती दोन्ही उचलली जात होती. जवळ वाकल्यावर तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला. बोटातून थेंब काढून शुगर लावली, तर यंत्राच्या मोजमापाच्या वर. मधुमेह आहे हे तिला किंवा घरच्यांना कुणालाच माहीत नव्हतं.

इन्सुलिनच नसल्यामुळे शरीर चरबी जाळत होतं आणि रक्त आंबट होत चाललं होतं. मूत्रपिंडं आम्ल बाहेर टाकतात, पण त्यांना दिवस लागतात. फुप्फुसं मिनिटांत कामाला लागतात, कारण कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं म्हणजे आम्लच बाहेर टाकणं. त्या मुलीचं शरीर तेच करत होतं, जीव तोडून. अडोल्फ कुसमॉल या जर्मन डॉक्टरनं १८७४ मध्ये असा श्वास लिहून ठेवला, आजही तो त्याच्याच नावानं ओळखतात. तिच्या आईचं एकच म्हणणं होतं, "पोरीला गप झोपंल असं काहीतरी द्या." त्या माउलीचा जीव तुटत होता, पण झोपेचं औषध दिलं असतं तर श्वास मंदावून आम्ल आणखी वाढलं असतं. डॉक्टरांनी सलाईन, इन्सुलिन, पोटॅशियम सुरू केलं. मी रात्रभर श्वास मोजत होते. ३४, मग ३०, पहाटे २४, सकाळी चहाच्या वेळेला १८. श्वासासाठी वेगळं काहीच दिलं नव्हतं. आंबटपणा उतरला तसा हुकूम मागे घेतला गेला.

जंतुसंसर्ग रक्तात पसरला की तसंच, किडनी निकामी झाली की तसंच. छाती स्वच्छ आणि श्वास मात्र तिशीत, असं दिसलं की मी डॉक्टरांना झोपेतून उठवते.

आणखी एक श्वास आहे, जो बघून नातेवाईक घाबरून पळत येतात. "सिस्टर, चला लवकर, बापूंचा श्वास थांबला!" आपण जाईपर्यंत तो चालू झालेला असतो. मग नीट उभं राहून बघावं. आधी बारीक श्वास, मग थोडा मोठा, मग खूप मोठा, धाप लागल्यासारखा, मग पुन्हा लहान लहान होत पूर्ण बंद. वीस सेकंद, तीस सेकंद काहीच नाही. मग परत बारीक सुरुवात. चेन या डॉक्टरनं १८१८ मध्ये आणि स्टोक्सनं १८५४ मध्ये हे लिहिलं. हृदय खूप थकलेल्या माणसात हे विशेष दिसतं, मेंदूच्या आजारातही दिसतं, आणि शेवटच्या दिवसांतही.

हृदयाच्या पेशंटमध्ये असं का होतं हे मी शेतकऱ्याघरच्या माणसांना उसाच्या पाण्यावरून सांगते. मोटर एका टोकाला, शेवटची सरी दुसऱ्या टोकाला. सरी भरली म्हणून तुम्ही ओरडता, मोटर बंद होते, तरी पाटात निघालेलं पाणी येतच राहतं आणि बांध फुटतो. मग सरी कोरडी पडल्यावर पुन्हा सांगता, तर पाणी पोचायला वेळ. पाट जितका लांब आणि संथ, तितका हा घोळ मोठा. थकलेलं हृदय रक्त सावकाश ढकलतं, त्यामुळे फुप्फुसात झालेला बदल मेंदूला उशिरा कळतो. मेंदू जुन्या बातमीवर जोर लावतो, वायू गरजेपेक्षा जास्त धुतला जातो, मग मेंदू श्वास थांबवतो, तोवर वायू पुन्हा साठतो. यंत्रणा शाबूत आहे, निरोप मात्र उशिरा पोचतो. बापूंच्या मुलानं हे ऐकून मान हलवली, म्हणाला, "म्हणजे दोष पाटाचा, पाणक्याचा न्हाई." बरोबर. डॉक्टरांनी हृदयाची औषधं बदलल्यावर पुढच्या काही दिवसांत ते थांबे कमी होत गेले.

घरी ऑक्सिजनचं मशीन असलेल्यांसाठीही थोडं. जन्मभर चुलीपुढं बसून फुप्फुसं खराब झालेल्या आजी आमच्याकडे खूप येतात. त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं जास्तच राहिलेला असतो, मेंदूनं त्याच्याशी जमवून घेतलेलं असतं. अशांचा ऑक्सिजन ८८ ते ९२ मध्ये ठेवायचा, असं डॉक्टर लिहून देतात. नातवाला वाटतं ९९ दिसलं तर आजीला जास्त बरं वाटेल, तो नॉब फिरवतो. ज्यादा ऑक्सिजननं फुप्फुसातली रक्ताची वाटणी बिघडते, हिमोग्लोबिनला चिकटलेला कार्बन डायऑक्साइड सुटून रक्तातच वाढतो, श्वासाचा जोरही थोडा कमी होतो, आणि आजी गुंगीत जायला लागते. घरच्यांना वाटतं, आज शांत झोप लागली. आकडा छान दिसतो आणि पेशंट बुडत असतो. नॉब डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवू नका, आणि आजी दिवसाढवळ्या पेंगायला लागली, सकाळी डोकं दुखतंय म्हणाली, तर लगेच दाखवा.

लहान मुलांचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण तिथं यंत्र लागतच नाही. सर्दी-खोकला झालेल्या बाळाचा श्वास प्रत्येक आईला मोजता येतो, आशाताई वाड्या-वस्त्यांवर तेच करतात. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना, रडून थांबल्यावर थोड्या वेळानं, झबलं वर करून पोटाकडे बघायचं. मोबाईलमध्ये एक मिनिट लावायचं आणि पूर्ण मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणायचं नाही, बाळांचा श्वास मुळातच अडखळत चालतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त असेल तर पुन्हा एकदा मोजून खात्री करायची. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त असेल तर न्यूमोनियाची शक्यता धरायची, हे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे आहेत. आकडा वर असेल, किंवा बरगड्यांच्या खालचा भाग श्वासागणिक आत ओढला जात असेल, बाळ अंगावर पीत नसेल, तर सकाळची वाट बघू नका. रात्री दोन वाजले असले तरी गाडी काढा, आणि दारात भेटणाऱ्या पहिल्या सिस्टरला मोजलेला आकडा आणि मोजल्याची वेळ सांगा. तिनं वीस लिहिलं तर पुन्हा मोजायला लावा.